गुडघा बदलला, आता कॉकपिटात कधी?

प्रश्न विचारणारे गृहस्थ कोथरूडचे, वय ६१, पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. खासगी वैमानिकाचा परवाना बरीच वर्षे आहे. बारामतीला दोन आसनी सेसना १५२ चालवतात आणि सवड मिळेल तेव्हा हडपसरला ग्लायडर. उजव्या गुडघ्याचे संपूर्ण रोपण होऊन नऊ आठवडे झालेत. गुडघा ११८ अंश वाकतो आणि सर्जननी 'फिट टू फ्लाय' असे लिहून दिले आहे. पुढच्या महिन्यात उडू का, डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, काय सांगावे लागेल आणि डावा गुडघाही लगोलग करून टाकू का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत. शेवटची ओळ अशी : "बायको म्हणते, आता पुरे."

आधी त्या चिठ्ठीविषयी बोलू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. तुमच्या सर्जननी चुकीचे काहीच लिहिलेले नाही. पण 'फिट टू फ्लाय' हे शब्द त्यांनी आयुष्यभर प्रवाशांसाठी लिहिलेत. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आजी विमानात तासन् तास बसल्या तर पायात गुठळी होईल का, टाके नीट भरलेत का, व्हीलचेअर लागेल का, एवढेच त्या चिठ्ठीत तपासलेले असते. तुम्ही बसणार आहात पुढच्या सीटवर. तिथे तुमचा गुडघा प्रवासी नाही, तो विमानाचा एक भाग आहे. केबल, पेडल, पाय, गुडघा, मांडी, असे ते एकच यंत्र आहे आणि त्यातला एक सांधा नऊ आठवड्यांपूर्वी नवा बसवला आहे.

मी हवाई दलात असताना वर्षानुवर्षे वैमानिकांच्या तपासण्या केल्या, आता निवृत्तीनंतर पुण्यातच क्लास टूची, म्हणजे खासगी वैमानिकांची, मेडिकल करतो. माझ्या स्वतःच्या डाव्या गुडघ्यातही धातू आणि प्लॅस्टिक आहे. त्यामुळे खालचे काही पुस्तकातले आहे आणि काही नगर रस्त्यावर क्लच दाबून शिकलेले.

कृत्रिम सांधा आहे म्हणून परवाना जातो, अशी समजूत अजून बऱ्याच जणांची आहे. तसे नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ज्या परिशिष्ट १ वर आपले वैद्यकीय निकष बेतलेले आहेत, त्यात हाडे, सांधे, स्नायू यांविषयी एकच मुद्दा धरला आहे : परवान्याचे काम सुरक्षितपणे करण्यात अडथळा येईल असा दोष नको. आणि दुखण्यानंतर काही उणीव मागे राहिली असेल तर त्या माणसाला नेमके काय करता येते ते तपासून ठरवा, असे तिथेच पुढे म्हटले आहे. निकष कामाचा आहे. एक्स-रे कसा दिसतो, हा त्यातला फार छोटा भाग.

डग्लस बेडरचे उदाहरण सगळेच देतात, मीही देतो, पण वेगळ्या कारणासाठी. १९३१ च्या अपघातात त्याचे दोन्ही पाय गेले आणि १९४० मध्ये तो ब्रिटनसाठी लढाऊ विमान चालवत होता. लोक त्यातली जिद्द पाहतात. मला त्यातला ब्रेक दिसतो. हरिकेन आणि स्पिटफायर या विमानांचे चाकांचे ब्रेक पायाच्या बोटांनी दाबायचे नव्हते, दांड्यावरच्या लिव्हरने हाताने लावायचे होते. घोटाच नसलेल्या माणसाला ते विमान जमण्यासारखे होते. पेडलच्या टोकाला ब्रेक असलेले विमान त्याला तितके सोपे गेले नसते. म्हणजे नुसते 'मी फिट आहे का' असे विचारून भागत नाही. कोणत्या विमानासाठी, हे सोबत विचारावे लागते. तुमच्यासाठी ते विमान सेसना १५२ आहे.

आता या विमानात उजव्या पायाला काय काम पडते ते पाहा. तुमच्या इंजिनाचा पंखा कॉकपिटातून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पूर्ण पॉवर, कमी वेग, नाक वर, अशा वेळी विमान डावीकडे ओढते. ते सरळ ठेवायला उजवे रडर, म्हणजे शेपटीचा उभा पडदा वळवणारे उजव्या पायाचे पेडल, दाबावे लागते. म्हणजे प्रत्येक टेकऑफला आणि वर चढताना सगळा वेळ काम करणारा गुडघा हाच, तुमचा नवा. लँडिंग जमले नाही आणि एकदम पूर्ण थ्रॉटल देऊन परत वर जायचे झाले, तर ते उजवे रडर क्षणात लागते. तेव्हा पाय कुरकुरला, अर्धा सेकंद उशिरा आला, तर रनवेच्या डाव्या कडेला गवत आहे.

तुम्ही ११८ अंश अभिमानाने लिहिलेत आणि ते कमावलेले आहेत, हे मला माहीत आहे. फिजिओ रोज गुडघा वाकवतो, तेव्हा आईची आठवण येते. पण वाकणे हा खुर्चीतून उठण्याचा, जिना चढण्याचा मापदंड आहे. रडरला लागते ते सरळ होणे आणि सरळ करताना जोर. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, शेवटचे पाच-दहा अंश अडत असतील, तर पूर्ण रडर लागण्याआधीच पाय संपतो. मग माणूस नकळत सीट एक खाच पुढे ओढतो, पाय जास्त वाकतो, गुडघा पॅनेलच्या खालच्या कडेला लागतो आणि योक, म्हणजे हातातले चाक, पूर्ण मागे ओढायला जागा उरत नाही. एक उणीव झाकायला दुसरी तयार झाली. तुमच्या पत्रात किती सरळ होतो याचा आकडा नाही. फिजिओकडून तो लिहून घ्या. आडवे झोपून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकते का पाहायचे. आणि बसून पाय स्वतःच्या जोरावर हवेत सरळ करायचा. डॉक्टरने धरून सरळ केला तर होतो, पण आपण केला तर शेवटचे काही अंश राहतात, असे पुष्कळदा होते. त्याचे कारण मांडीचा पुढचा स्नायू.

हा स्नायू, क्वाड्रिसेप्स, या सगळ्या गोष्टीतला खरा नायक. रोपणानंतर पहिल्या महिन्यात त्याचा जोर निम्म्याहून जास्त घटतो. चालायला तेवढा पुरतो, म्हणून कळत नाही. सिंहगड रस्त्यावर फिरायला जाता, भाजी आणता, सगळे ठीक वाटते. पण तो जोर परत यायला सहा महिने, काहींना वर्ष लागते आणि व्यायाम सोडला तर पूर्ण येतच नाही. विमानांना प्रमाणपत्र देण्याच्या अमेरिकी नियमांत रडरवर थोडा वेळ लावावे लागणारे बळ जास्तीत जास्त १५० पौंड आणि दीर्घ काळ धरून ठेवण्याचे बळ २० पौंड मानले आहे. म्हणजे साधारण ६८ किलो आणि ९ किलो. तुमच्या सेसनाला नेहमीच्या उड्डाणात याच्या जवळपासही जावे लागत नाही. पण स्पिनमधून, म्हणजे गरगरत खाली येणाऱ्या अवस्थेतून, विमान बाहेर काढताना पेडल तळापर्यंत दाबावे लागते आणि तिथेच धरावे लागते. त्या वेळी पायाला 'माझी शस्त्रक्रिया झाली आहे' असे सांगता येत नाही.

घरी करायची एक चाचणी सांगतो. तीन महिने झाल्यावर आणि फिजिओने होकार दिल्यावरच करायची. फ्लॅटच्या पॅसेजमध्ये एका भिंतीला पाठ टेकवून खुर्ची ठेवा. समोरच्या भिंतीला वजनकाटा उभा टेकवून धरायला कुणाला तरी सांगा. पाय कॉकपिटात असतो तसा थोडा वाकवून काट्यावर ठेवा आणि दाबा. आधी चांगला पाय, मग नवा. किती किलो आले यापेक्षा दोघांतला फरक पाहा. मग ९ किलोवर दोन मिनिटे धरून ठेवा. पहिल्यांदा केले तेव्हा माझा पाय चाळीस सेकंदांत थरथरायला लागला आणि काटा धरून बसलेली आमची सौ. हसायला लागली. तोवर मी लोकांना सांगत होतो की माझा गुडघा शंभर टक्के आहे.

गाडीचे काय? उजव्या गुडघ्याच्या रोपणानंतर ब्रेक दाबायचा वेग साधारण चार ते सहा आठवड्यांत पूर्वीसारखा होतो, असे अभ्यास सांगतात. तुम्ही गाडी चालवायला लागला असाल, ते ठीकच. पण गाडीचा ब्रेक म्हणजे एक झटपट दाब. रडर म्हणजे दाब, सूक्ष्म बदल, पुन्हा दाब, सतत. त्याच्या जवळ जाणारी गोष्ट क्लच, तीही गर्दीतली. येरवड्यापासून वाघोलीपर्यंत संध्याकाळी सहा वाजता गाडी नेऊन पाहा, असे मी डाव्या गुडघ्याच्या रुग्णांना सांगायचो. तुमचा उजवा आहे, तुम्ही सुटलात.

एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे लोक उगाच घाबरतात. टाक्यांच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या पुढे, हाताने चाचपले तर बधिर वाटते. त्वचेची एक बारीक नस चिरेत कापली जाते, म्हणून. तो बधिरपणा कमी होत जातो, कधी थोडा राहतो. पेडलचा स्पर्श तळव्याला कळतो, चिरेजवळच्या त्या नसेशी त्याचा संबंध नाही. मात्र तळवा किंवा अंगठा बधिर असेल, पाऊल वर उचलताना कमजोर वाटत असेल, तर ती वेगळी गोष्ट. ते लगेच दाखवा. पेडलच्या टोकाला ब्रेक आहेत.

आता उड्डाणाआधीचे आणि नंतरचे. याविषयी कोणी विचारत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही टायर, ब्रेकची चकती, नाकाच्या चाकाचा स्ट्रट हे सगळे उकिडवे बसून बघता, नाही का? नव्या गुडघ्याने टाचांवर बसायचे नाही. वाकून बघणारा माणूस टायरची वरची बाजू बघतो आणि कापलेली आतली बाजू त्याच्या नजरेतून सुटते. एक हलके स्टूल गाडीत ठेवा, त्यावर बसून बघा. हसतील मुले, हसू देत. टाकीचे झाकण उघडून इंधन डोळ्यांनी पाहायला वर चढावे लागते, तिथे घोडा नसेल तर कुणाला तरी मदतीला घ्या, पण इंधन पाहणे टाळू नका. मी पाहिले आहे, दुखरा माणूस सगळ्यात आधी वॉकअराउंड, म्हणजे विमानाभोवती फिरून करायची ही पाहणी, छोटा करतो.

चढण्या-उतरण्याचा फिजिओचा नियम तुम्हाला पाठ असेल : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आता सेसनाच्या डाव्या सीटवरून उतरून पाहा. डावे दार, त्यामुळे डावा पाय आधी बाहेर. म्हणजे तुमचा चांगला पाय जमिनीकडे निघाला आणि आत वाकलेल्या नव्या गुडघ्यावर सगळे वजन. नियम बरोबर उलटा झाला. म्हणून सीट पूर्ण मागे घ्यायची, दोन्ही पाय एकत्र बाहेर काढून काठावर बसायचे, हाताने चौकट धरायची आणि मग उतरायचे. सावकाश हे छान जमते. प्रश्न घाईचा आहे. इंजिनाच्या कव्हरमधून धूर येतो आहे आणि तुमच्या शेजारी माणूस आहे, अशा वेळी किती सेकंद लागतात? मोठ्या विमानांना प्रमाणपत्र देताना निम्म्या दारांनी ९० सेकंदांत सगळे बाहेर काढून दाखवावे लागतात. छोट्या विमानाला असा नियम नाही, पण आग तीच आहे. इंजिन बंद, विमान बांधलेले, शेजारी प्रशिक्षक, अशा अवस्थेत पट्टे बांधून बसा आणि सोडून बाहेर पडा. डाव्या दाराने, मग उजव्या दाराने. मोबाइलवर वेळ लावा. त्या दोन आकड्यांची किंमत माझ्या लेखी एमआरआयपेक्षा जास्त आहे.

खुब्याची गोष्ट वेगळी आहे आणि हे वाचणाऱ्यांत खुबा बदललेलेही असतील, म्हणून थोडे विषयांतर. कोविडनंतर माझ्याकडे चाळिशीतले, नोकरीत असलेले वैमानिक खुब्याचे रोपण करून यायला लागले. स्टिरॉइड घेतले, काही महिन्यांनी जांघेत दुखायला लागले, तपासणीत खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा गेलेला. खुब्यात ताकदीचा प्रश्न तितका नसतो, तो सटकण्याचा असतो. मागच्या बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका, पाय आत वळवू नका, पायावर पाय टाकू नका, असे सांगतात. आणि जेट विमानाच्या कॉकपिटात मधल्या कन्सोलच्या बाजूने सीटवर शिरताना माणूस नेमके हे तिन्ही एकदम करतो. खाली वाकतो, पाय उचलतो, आत वळवतो. अशाच एकाला मी माझ्या दवाखान्यातल्या दोन खुर्च्या आणि मधे टेबल ठेवून शिरायला लावले. सर्जनची चिठ्ठी उत्तम होती. तिसऱ्या प्रयत्नाला त्याने स्वतःच सांगितले, सर, अजून एक महिना. कॉकपिटाच्या खिडकीतून दोरीने खाली उतरणे हेही त्याच्या कामात धरलेले आहे, याची मी त्याला आठवण केली नव्हती. त्यानेच काढली.

आणि हो, वैद्यकीय परीक्षक सांध्याइतकाच सांधा का गेला याचा विचार करतो. तुमचे वय, तुमची वर्षानुवर्षांची झीज, हे सरळ प्रकरण आहे. पण चाळिशीत खुबा गेला तर स्टिरॉइड की दारू, हे विचारले जाणार. संधिवातामुळे गेला तर त्यावरची औषधे चालूच असतात, यकृत आणि रक्त तपासावे लागते. मणक्याचा आखडणारा संधिवात असेल तर मान किती वळते आणि डोळे लाल होतात का, हेही. सांधा बदलला म्हणजे रोग गेला असे नाही. २०१० मध्ये जगभरातून परत मागवलेल्या धातूवर धातू घासणाऱ्या खुब्याच्या एका जातीमुळे काही रुग्णांच्या रक्तात कोबाल्ट वाढले होते आणि जास्त कोबाल्ट नजर, कान, हृदय यांना त्रास देऊ शकते. म्हणून जुना खुबा असलेल्याने आपल्याला कोणता बसवला आहे हे माहीत करून घ्यावे. तुमच्या डिस्चार्जच्या फाइलमध्ये रोपणाचे स्टिकर चिकटवलेले असतात. ते पान हरवू नका.

औषधांवर मी कडक आहे. नवव्या आठवड्यात तुम्ही काय घेता ते लिहिलेले नाही. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, यांतले काहीही चालू असेल तर विषय तिथेच संपला. प्रीगॅबालिन तर रात्रीची छोटी गोळी म्हणून दिली जाते, नसेचे व्हिटॅमिन आहे असे समजून लोक महिनोन् महिने घेतात. तिने चक्कर, झापड आणि मंद विचार येतो आणि घेणाऱ्याला तो कळत नाही. अमेरिकेत एक अंगठेनियम आहे : औषध किती तासांनी घ्यायचे ते अंतर गुणिले पाच, शेवटच्या डोसनंतर निदान तेवढे थांबा. आठ तासांनी घ्यायचे असेल तर चाळीस तास. मी वैमानिकांना त्याहून जास्त सांगतो, कारण ते बंद केल्यावर दुखणे किती उरते हेच मला पाहायचे असते. दुखण्याची गोळी घेतल्याशिवाय दिवस जात नसेल तर पाय तयार नाही. साधी पॅरासिटामॉल कधीमधी, त्याला माझी हरकत नसते.

झोपेचेही बोला. गुडघ्याच्या रोपणानंतर दोन-तीन महिने रात्री नीट झोप लागत नाही, हे सर्जन सांगायचे विसरतात. कूस बदलली की जाग. दिवसा आपण ठीक आहोत असे वाटते आणि दुपारी दोन वाजता डोके जड होते. सलग पंधरा रात्री किती झोपलात ते वहीत लिहा. सहा तास सलग मिळायला लागेपर्यंत मी सही करत नाही.

गुठळीचा धोका पहिल्या तीन महिन्यांत जास्त. त्यासाठी दिलेले रक्त पातळ करणारे औषध, रिव्हारॉक्साबॅन असेल तर गुडघ्यानंतर साधारण दोन आठवडे आणि खुब्यानंतर पाच आठवडे देतात. तुमचे संपले असेल. पोटरी एकाच बाजूला सुजली, दुखली, दम लागला, तर विमान विसरा आणि इमर्जन्सीत जा. हिमोग्लोबिनही एकदा करून आणा. एका गुडघ्यात ते दोन-तीन ग्रॅमने उतरू शकते, दोन्ही एकदम केले तर जास्त, आणि १० च्या खाली असलेला माणूस ८,००० फुटांवर लोहगावात असतो तेवढा हुशार राहत नाही.

आता कागदोपत्री काय. शस्त्रक्रिया झाली त्या दिवसापासून तुमचे चालू मेडिकल खिशात असले तरी वापरता येत नाही. आपली तब्येत घटली आहे हे माहीत असताना परवान्याचे अधिकार वापरायचे नाहीत, ही त्या परिशिष्ट १ मधली दुसरी महत्त्वाची ओळ. लपवण्यात अर्थही नाही. पुढच्या तपासणीत पायावर वीत-सव्वावीत व्रण दिसणारच आणि फॉर्मवर शस्त्रक्रियेचा रकाना आहे. क्लबला आणि विमा कंपनीला आधी कळवा. क्लास वनवाल्याला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला, कंपनीच्या डॉक्टरांमार्फत कळवावे लागते आणि त्याची फेरतपासणी बहुतेक वेळा बंगळुरू, दिल्ली किंवा जोरहाटच्या हवाई दलाच्या केंद्रात होते. तुमचे काम परीक्षकाकडून आणि डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवरून होईल. सोबत डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, रोपणाच्या स्टिकरचे पान, तीन महिन्यांचा नवा एक्स-रे आणि फिजिओचा अहवाल असू द्या. त्या अहवालात वाकणे, सरळ होणे आणि ताकद हे तिन्ही आकड्यांत हवे. सर्जनना सांगा की 'फिट टू फ्लाय' खोडा आणि त्याऐवजी हे लिहा : जखम भरली आहे, संसर्गाची लक्षणे नाहीत, रोपण जागेवर आणि घट्ट आहे, पूर्ण वजन टाकायला आणि जोराने ढकलायला हरकत नाही. उडण्याबद्दलचा निर्णय त्यांच्यावर टाकू नका, ते त्यांचे काम नाही.

विमानतळावर धातू वाजतो का, असे सगळेच विचारतात. वाजतो. कार्ड दाखवले तरी तपासतात. पुढे.

कधी, याचे माझे उत्तर. एका गुडघ्याला तीन महिन्यांच्या आत मी कोणालाही पुन्हा चालवायला पाठवत नाही. हा डीजीसीएचा आकडा नाही, माझी सवय आहे. म्हणजे तुमचा पुढचा महिना हा जमिनीवरच्या चाचण्यांचा. चौथ्या महिन्यात प्रशिक्षकाबरोबर, एकट्याने नाही. पहिले उड्डाण सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. जूनमधला पश्चिमेचा वारा सुरू झाल्यावर आडव्या वाऱ्यात हात साफ करायला जाऊ नका. पहिल्या तासात टेकऑफ आणि उतरणी बाजूला ठेवा, वर जाऊन स्टॉल करा (वेग कमी करून पंखांची उचल सुटू देणे), डावी-उजवी तीव्र वळणे घ्या, साइडस्लिप करा (विमान तिरके सरकवणे), दोन्ही बाजूंना पूर्ण रडर लावून धरा. प्रशिक्षकाला सांगा की माझ्या हातापेक्षा माझ्या पायाकडे बघ. त्यानंतर फेऱ्या, आणि त्यात निदान एकदा ऐनवेळी लँडिंग सोडून पूर्ण पॉवर. प्रवासी नेण्याआधी जी अलीकडची टेकऑफ आणि लँडिंग हवीत, ती याच काळात पूर्ण होतील. उतरल्यावर त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा किती सुजला ते पाहा. सुजला तर पुढचा धडा पंधरा दिवसांनी.

ग्लायडर त्यानंतर. तिथे इंजिन नाही म्हणून सोपे वाटेल, पण पायाला तिथे जास्त काम आहे. लांब पंखांमुळे प्रत्येक वळणात नाक उलट्या दिशेला जाते, ते रडरने आणावे लागते आणि थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, तर सतत. शिवाय पाय लांब करून जवळजवळ आडवे बसणे, काठावरून पाय टाकून आत उतरणे आणि उतरल्यावर ग्लायडर ढकलणे. हडपसरच्या उन्हात ढकलण्याचा भाग तरुणांवर सोडा.

डावा गुडघा. दोन्ही एकदम करायची आपल्याकडे फॅशन आहे, कारण घरच्यांना सुट्टी एकदाच काढावी लागते. तुम्ही एक आधीच केला आहे, आता घाई करू नका. डावा अजून रात्री झोपेतून उठवत नसेल आणि जिना चढू देत असेल, तर उजवा पूर्ण ताकदीला येऊ द्या, निदान सहा-आठ महिने. कारण डाव्याच्या शस्त्रक्रियेनंतर सगळे वजन उजव्यावर येणार आहे. दोन अर्धवट पायांवर घरात चालता येते, रडरवर नाही.

वहिनींचे म्हणणे मी हलके घेत नाही. त्यांनी तुम्हाला वॉकरवर पाहिले आहे. त्यांना जमिनीवरच्या त्या चाचणीला बारामतीला घेऊन जा आणि दाराबाहेर पडायची वेळ त्यांना मोजू द्या. त्या वेळी त्या जे म्हणतील ते मला कळवा.

माझ्याकडे येणार असाल तर फाइलबरोबर कॉकपिटात वापरता ती उशीही घेऊन या. उंची कमी असलेले बरेच जण पाठीला आणि खाली जाड उशी घेतात. गुडघा कुठे वाकतो आणि पाय पेडलपर्यंत किती सरळ होतो, ते त्या उशीवर बसवून मला मोजायचे आहे.